खिळा मारलेला बटाटा

धुळे, गल्ली नंबर चार,
गुरुवार, २१ जानेवारी १९८८

फट्ट!

उखर्डू, ओळखलास का हा आवाज? एकसष्ट वर्षं झाली त्याला, पण परवा दुपारी स्टोव्हपुढे बसलो असताना तो माझ्या कानात असा वाजला की मी मागे वळून पाहिलं. वाणी मास्तरांना थंडी सोसत नसे, म्हणून पौषात त्यांच्या टेबलाखाली निखाऱ्यांचं घमेलं असायचं, आणि त्या घमेल्यातल्या राखेत तुझ्या वडिलांच्या दुकानातला एक बटाटा पुरलेला असायचा, हे वर्गात मास्तर सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. आपण चाळीस जण हाताची घडी घालून पहाटेची कविता एका सुरात म्हणत होतो. पाखरं जागी झाली होती, गाई हंबरून झाल्या होत्या, आता सूर्यच तेवढा वर यायचा बाकी होता, आणि नेमका तेव्हा बटाटा फुटला. मास्तर टेबलावर! धोतराला राख, मिशीला बटाटा. आणि आपण? 'थांबा' असं कुणी म्हटलं नाही म्हणून आपण थांबलो नाही. मास्तर टेबलावर उभे असताना आपण सूर्य उगवून घेतला, शेतकरी शेतावर पाठवला आणि मगच गप्प बसलो. अशी शिस्त आता राहिली नाही.

असो. आधी रीत. तीर्थस्वरूप म्हणावं तर तू माझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान, चिरंजीव म्हणावं तर तुझे दात माझ्याआधी गेले. म्हणून नुसताच, जिवाभावाचे मित्र श्री. उखर्डू यांस अभिमनचा रामराम. मोतीबिंदू काढल्यापासून डोळ्यावरची हिरवी पट्टी निघाली का? निघाली नसेल तर हे पत्र सुनेकडून वाचून घेऊ नकोस, यात सुनांविषयी मजकूर आहे. गुडघे कसे आहेत? माझे बरे आहेत. म्हणजे खाली बसता येतं आणि वर उठता येतं, फक्त मध्ये थोडा विचार करावा लागतो. एरंडोलला यंदा थंडी कशी आहे? इथे सकाळी पांझरेवर धुकं असतं आणि ते पाहून मला रोज एक ओळ सुचते; दुसरी सुचेपर्यंत ऊन पडतं.

आता माझ्यावर जो प्रसंग ओढवला आहे तो सांगतो, पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. सुंदरबाईला जाऊन दीड वर्ष झालं हे तुला माहीत आहे. तू दहाव्याला आला होतास आणि कावळ्याला हाका मारून तुझा घसा बसला होता. तेव्हापासून मुलगा मगन एकच धोशा लावून आहे की आबा, जळगावला चला, आमच्याकडे राहा. मुलगा चांगला आहे. (फक्त अक्षर वाईट आहे.) जळगावही चांगलं आहे. पण उखर्डू, इथे मी कविता पुटपुटत रस्त्यानं निघालो तर लोक म्हणतात, अभिमनआबा चालले. तिथे म्हणतील, कुणाचा तरी म्हातारा सुटलाय, घरी कळवा. शिवाय पस्तीस वर्षं मी जकात नाक्यावर काढली. या गावात कोणत्या रस्त्यानं काय येतं हे मला झोपेत सांगता येतं. तिथे मला साधं दूध कुठून येतं हे कळायला दोन वर्षं लागतील, आणि माझ्याजवळ दोन वर्षं आहेत की नाही हेच कुणी सांगत नाही.

तर दिवाळीत ते दोघे आले असता मी सरळ नाही म्हटलं. मगन संतापला. तेव्हा सूनबाई कमल, जी एरवी माझ्यापुढे तीन शब्दांच्या वर बोलत नाही, ती पदर सावरून म्हणाली, "आबांना होळीपर्यंत मुदत द्या. तोवर स्वतःचं स्वतः शिजवून खाता आलं तर राहू द्या त्यांना इथे. नाही जमलं तर घेऊन जाऊ." ऐकायला किती गोड! पण मी जकात नाक्यावरचा माणूस, गवताखाली काय लपवलंय ते मला वरूनच कळतं. ज्या माणसानं एकाहत्तर वर्षांत पाणीसुद्धा दुसऱ्यानं दिलेलं प्यालं, त्याला स्वयंपाकाची अट घालायची म्हणजे अटीच्या नावाखाली बिस्तरा बांधायचा. वर पहारा म्हणून शेजारच्या बेबाबाईला नेमलं. दर पंधरा दिवसांनी आबा काय शिजवतात ते तिनं पत्रानं कळवायचं. (बेबाबाईला लिहिता येत नाही. ती मजकूर सांगते आणि मी लिहून देतो. पहिली पाच पत्रं अतिशय चांगली गेली.)

स्वयंपाक, उखर्डू, ही कविता पाठ करण्यासारखी गोष्ट नव्हे. कवितेत एक ओळ विसरलो तर 'हं हं' करून पुढे जाता येतं. वरणात डाळ विसरलो तेव्हा तसं जमलं नाही. भाकरी थापली तर ती परातीला अशी चिकटली की शेवटी परातच तव्यावर ठेवली. तेव्हा मी शांतपणे बसून विचार केला की जगात असा एखादा पदार्थ आहे का, जो आपण स्वतःच्या हातानं केलेला आहे? आणि घमेलं आठवलं. बटाटा! ना चिरायचा, ना फोडणी, ना मळायचा. राखेत पुरा, कविता म्हणा, काढा, खा. जकात नाक्यावरून मी हजारो पोती बटाटे गावात सोडले होते, पण त्यांच्याकडे त्या नजरेनं कधी पाहिलंच नव्हतं. त्या आनंदात दोन ओळी झाल्या, त्या तुझ्यासाठी उतरवून देतो:

राखेमध्ये निजला बटाटा, कुणी तयाला उठवू नका,
कच्चा आहे अजून पोटी, वेळेआधी सोलू नका.

(दुसरी ओळ पुढे खरी ठरली, ते येईलच.)

पण घमेलं नाही, निखारे नाहीत. आहे तो पंपाचा स्टोव्ह. त्यावर जाळी ठेवून बटाटा भाजायला घेतला, तर बाहेरून कोळसा आणि आतून मुळा. वरून पातेलं पालथं घातलं, म्हणजे आतल्या आत गरमी कोंडेल, तेव्हा जमला. पण लागला सव्वा तास. माझ्या दोन्ही कविता-वह्या संपल्या आणि बटाटा अजून विचारच करत होता. सव्वा तास स्टोव्ह फुरफुरत ठेवायचा म्हणजे रेशनचं रॉकेल आठवड्यात संपणार. मग उरलेले तीन आठवडे काय कच्चे बटाटे खाऊन सूर्याकडे पाहायचं? आणि भूक ही सव्वा तास आधी लागत नाही, लागते तेव्हाच लागते. म्हणजे प्रश्न एवढाच उरला की बटाटा लवकर कसा भाजावा. या एका प्रश्नावर माझं धुळ्यातलं वास्तव्य टांगलेलं होतं.

मी वाचनालयात गेलो. तिथे मी चाळीस वर्षं फक्त कवितेच्या कपाटाशी उभा असतो, त्यामुळे मी महिलांच्या मासिकांची चळत मागितली तेव्हा ग्रंथपालानं चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्या अंकात सापडलं. साहेबलोक बटाटा भट्टीत भाजतात, वर लोणी घालतात, वगैरे सगळं होतं, आणि पानाच्या तळाशी चौकटीत बारीक अक्षरात लिहिलं होतं: बटाट्यात लोखंडी खिळा आरपार खुपसून भाजल्यास उष्णता आतपर्यंत पोचते व वेळ निम्म्यावर येतो. भाजण्यापूर्वी तेल, तिखट, हळद चोळावी. भाजून झाल्यावर पानात गुंडाळून दोऱ्यानं बांधून ठेवावा, म्हणजे उरलासुरला कच्चेपणा आतल्या वाफेनं जातो. काय विचार आहे बघ! आत काही पोचवायचं असेल तर बाहेरून चटके देत बसू नये, मधोमध एक खिळा मारावा. वाणी मास्तरांनाही ही पद्धत माहीत असावी असं आता वाटतं.

मी घरी येऊन भिंतीतले तीन खिळे उपटले. (एकावर माझा निवृत्तीच्या दिवशीचा हार घातलेला फोटो होता. तो आता जमिनीवर भिंतीला टेकून बसला आहे आणि खराच निवृत्त झाल्यासारखा दिसतो आहे.) खिळे राखेनं घासले, उकळत्या पाण्यात टाकले आणि सोमवारी दुपारी कामाला लागलो. तीन बटाटे, तीन खिळे. तेल, तिखट, हळद. पातेलं पालथं. घड्याळ समोर. चाळीस मिनिटांत सालीला सुरकुती आली, उखर्डू, चाळीस! मी एकटाच टाळी वाजवली. मग केळीच्या पानात एकेक बटाटा गुंडाळला आणि दोरा शोधला. सुंदरबाईच्या शिवणाच्या डब्यात एकच रीळ होतं, काळ्या दोऱ्याचं. त्यानं बांधले, आणि निवायला म्हणून बाहेर ओट्यावर ठेवले. ओटा आम्हा तिघांचा सामाईक आहे: मधे मी, डावीकडे पहारेकरी बेबाबाई, उजवीकडे तानुबाई. मी मीठ आणायला आत गेलो आणि मिठाच्या बरणीपाशी आपली ती नदीची कविता आठवली. तिचं चौथं कडवं काही केल्या आठवेना. तू मला ओळखतोस. मी बरणी हातात धरून उभाच राहिलो.

आता बाहेर काय होतं ते तू एखाद्या परक्या माणसाच्या नजरेनं बघ. दिवस सोमवार, दुपारनंतर अमावास्या लागलेली. दारात हिरव्या पानात बांधलेलं काहीतरी, काळ्या दोऱ्याचे सात वेढे, फटीतून लाल-पिवळं दिसतंय, आणि दोन्ही बाजूंनी खिळा बाहेर आलेला. तरीही ते माझ्या दारासमोर होतं तोवर बिघडलं नसतं. पण तानुबाईची शेळी आली. तिला केळीचं पान दिसलं. तिनं एक पुडकं तोंडात धरलं, ते तोंडाला खिळ्यासारखं लागलं (कारण खिळाच होता), आणि ते तिनं नेमकं बेबाबाईच्या उंबऱ्यावर नेऊन टाकलं.

नदीच्या चौथ्या कडव्याच्या पहिल्या शब्दाशी मी पोचलो होतो, एवढ्यात बाहेर बेबाबाई ओरडली. "व माय वं! मना दारमा करनी! धावा वं!" तिच्या दारात करणी झाली म्हटल्यावर पाच मिनिटांत आख्खी गल्ली. पोरंबाळं मागे ओढली गेली, कुणी राख आणली, कुणी लिंबू आणलं, आणि छगनला बोलावणं गेलं. छगन म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचा स्टोव्ह दुरुस्त करणारा. अडीनडीला भगतही तोच. माझ्या स्टोव्हला पिन त्यानंच घातली होती. तो आला, उकिडवा बसला, पुडक्याला हात न लावता त्यानं तीनदा वास घेतला आणि म्हणाला, "हाई साधं काम नही शे. जानकार हात शे." (एकाहत्तर वर्षांत माझ्या स्वयंपाकाला मिळालेली ही पहिली पावती.) पुढे म्हणाला की बटाटा जमिनीखाली वाढतो, म्हणजे करणी जमिनीखालून चढत येणार; खिळा आरपार आहे, म्हणजे घरातला माणूस बसल्या जागी खिळणार. बेबाबाईनं तिथल्या तिथे पाय दुमडून बघितले.

मी आत, बरणी हातात. दाराच्या फटीतून सगळं दिसत होतं. बाहेर जाऊन 'अहो, माझा चहाच्या वेळचा बटाटा आहे तो' एवढंच म्हणायचं होतं. पण मग विचार आला, आज मी हे म्हणणार आणि उद्या बेबाबाई पत्र सांगणार: आबा खिळे शिजवून खातात. (आणि ते पत्र मीच लिहायचं!) होळी कशाला, मगन दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन आला असता. म्हटलं, थोडं थांबू. राख टाकतील, लिंबू कापतील, जातील घरोघर. मी गप्प राहिलो. हे तुला लिहिताना लाज वाटते, पण तू माझी लाज पुष्कळदा पाहिली आहेस.

पण बेबाबाईच्या ध्यानात आलं की शेळी अजून तिथेच उभी आहे आणि तिच्या तोंडाला केळीचं पान आहे. झालं. नळाच्या पाळीवरून तिचं आणि तानुबाईचं गेल्या श्रावणापासून वाकडं आहे. तिनं तानुबाईकडे बोट केलं. तानुबाई विधवा बाई, एकटी, दोन शेळ्यांवर आणि लोकांच्या पापड-कुरडयांवर पोट भरते. पण जीभ अशी की जकात न भरता कुठूनही आत शिरेल. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मना घरमा आठ दिनपाईन बटाटा नही, आनि मी तुना दारमा टाकसू? माले भेटता तर मी खाई नही लेती का?" काही बाया हसल्या. मला वाटलं, निभावलं. पण छगन हसला नाही. त्यानं सांगितलं, उद्या सकाळी तानुबाईनं सगळ्यांसमोर लिंबावर हात ठेवून शपथ घ्यायची, आणि तोवर तिनं पाणी भरल्यावर त्या नळावर कुणी हंडा लावू नये. आणि उखर्डू, त्या हसणाऱ्या बाया एकेक करून मागे सरकल्या. तानुबाईच्या भोवती ओट्यावर अशी मोकळी जागा झाली की जणू तिला खरूज झाली आहे. ती बोलायची थांबली. तिला मी बोलायचं थांबलेलं कधी पाहिलं नव्हतं.

तेव्हा मी दार उघडलं. काय बोलायचं ते मनात छान जुळवलं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "मीठ आणायला गेलो होतो." मग सगळं सांगितलं. मासिक, चौकट, खिळा, उष्णता. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कुणीही विश्वास ठेवला नाही. बटाट्यात खिळा मारून कोण खातं? छगननं माझ्याकडे दयेनं पाहिलं. बेबाबाई मात्र डोळे बारीक करून म्हणाली, "आबा, तुम्हले तिना इतला पुळका कसाले?" गल्लीत जी कुजबुज उठली ती मी तुला सांगत नाही. एकाहत्तराव्या वर्षी माझ्या चारित्र्यावर पहिल्यांदाच संशय घेतला गेला, आणि खरं सांगू, पाठ थोडी ताठ झाली. पण तानुबाईनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की ती पाठ लगेच पुन्हा वाकली.

आता पुरावा एकच उरला होता. मी खाली बसलो (थोडा विचार करून), उंबऱ्यावरचं पुडकं उचललं, दोरा सोडला, खिळा ओढून काढला, बटाट्यावर मीठ घातलं आणि सगळ्यांसमोर खाल्ला. वरचा भाग सुरेख होता. खिळ्याभोवतालचाही सुरेख होता. पण दोहोंच्या मध्ये बोटभर पट्टा कच्चा निघाला. कचकच आवाज शेवटच्या माणसाला ऐकू गेला असेल. तरी मी चेहरा हलू दिला नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "आबानी बठ्ठा खाई लिधा!" सगळा खाल्ला यात कौतुक होतं की श्रद्धांजली ते कळलं नाही. कुणाच्या मनात शंका राहू नये म्हणून मी ओट्यावरचा, तोवर कुणाच्या नजरेत न आलेला दुसराही खाल्ला, ही माझी चूक झाली. तिसरा छगननं पांझरेत सोडायला म्हणून नेला. (काल विचारलं, नीट सुटला का? म्हणाला, मीठ कमी होतं.)

त्यानंतर गल्ली पांगली, पण गेली नाही. करणी दिवेलागणीपर्यंत अंगात उतरते असं छगन सांगून गेला होता, म्हणून दर दहा मिनिटांनी कुणी ना कुणी दारात येऊन विचारायचं, "आबा, शेतस ना?" मी म्हणायचो, शे, अजून आहे. एक बाई तर पोराला कडेवर घेऊन दाखवायला आली. साडेपाचला माझ्या पोटात कळ आली. कच्चा बटाटा आणि एकाहत्तर वर्षांचं पोट, दुसरं काय व्हायचं? पण मी आडवा झालो आणि बाहेर बातमी गेली की आबा खिळले. डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या, तासाभरात मी उठून बसलो. तानुबाई ओव्याचं पाणी घेऊन आली आणि म्हणाली, पुढल्या वेळी करणी कराल तर जरा नीट शिजवून करा. तिच्या पाळीनंतर आज सकाळी नळावर पहिला हंडा बेबाबाईनंच लावला. तेवढं एक काम माझ्या हातून झालं.

पण तोवर बेबाबाईनं आपलं कर्तव्य केलं होतं. पत्र लिहायला मी आडवा पडलेला, म्हणून तिनं थेट तारच केली. मजकूर मोजून तीन शब्दांचा: आबांनी खिळा खाल्ला. काल मगनची उलट तार आली: शनिवारी येतो. सामान बांधा. होळीचा उल्लेखसुद्धा नाही. उखर्डू, मी बटाटा खाल्ला, खिळा नाही. पण हा फरक तारेत बसत नाही.

तर असं आहे. मन उदास आहे, बाकी सर्व क्षेम. तुझ्या घरी सर्वांना आशीर्वाद, लहानांना पापे, आणि तुझ्या व्याह्यांना काहीही सांगू नकोस.

तुझा,
अभिमन

ता. क. वरचं सगळं मन मोकळं करायला लिहिलं; आता काम. जळगावहून निघणारी शनिवारची दुपारची एस.टी. एरंडोलच्या स्टँडावर दहा मिनिटं थांबते. तू तिच्यात चढ. मगन खिडकीशी बसतो. त्याच्या शेजारी बसून पारोळा मागे पडेपर्यंत त्याला पटव की तू मागच्या महिन्यात माझ्याकडे चार दिवस जेवलास आणि तुझं वजन वाढलं. खिळ्याची पद्धत आपल्या शाळेत शिकवायचे असंही सांग. मगन सरकारी नोकर आहे, शाळेत शिकवलेल्या गोष्टीवर त्याचा विश्वास बसतो. तिकीट मी काढीन.

ता. क. दुसरा. तुला खोटं बोलायला सांगतोय तर निदान तुझ्याशी खरं बोलावं. मी दार उघडून बाहेर गेलो ते सत्यासाठी गेलो असं वाचताना वाटेल. तसं नव्हे. दिवाळीपासून रोज दुपारी तानुबाई ओट्याच्या भिंतीवरून एक भाकरी आणि वाटीभर जे असेल ते मला देते, बेबाबाई झोपलेली असते तेव्हा. बेबाबाईच्या पत्रांतून मी जे जे शिजवल्याचं लिहिलं, ते सगळं तानुबाईनं शिजवलेलं. तिलाच गल्लीनं वाळीत टाकलं असतं तर मी शनिवारपर्यंतही टिकलो नसतो. पण एवढंच होतं असंही नाही. ती गप्प बसली ना, ते मला पाहवलं नाही. आता यातलं पहिलं कारण किती आणि दुसरं किती, हे तू मला विचारू नकोस.

ता. क. तिसरा. थांब, कडी वाजते आहे. छगन असेल, स्टोव्ह जप्त करायला.

उखर्डू, छगन नव्हे. कमल! सून! एकटी, धुळीनं भरलेली, हातात जड पिशवी. मी दारातच विचारलं, मगन कुठे आहे? तर म्हणाली, "त्यांना वाटतंय मी चोपड्याला माहेरी गेलेय. बाजूला व्हा, आत येऊ द्या." आत आली, पाणी प्यायली, आणि तीन शब्दांच्या वर बोलायला लागली ती थांबेना. "आबा, राग मानू नका, स्पष्ट बोलते. आमच्या खोल्या दोन. एकीत माझं शिलाईचं मशीन आहे, आठ बायांचे ब्लाउज टांगलेले असतात. तुम्ही आलात की ते मशीन माळ्यावर जाणार. वर पहाटे सहाला तुमची ती पाखरांची कविता. मुदत मी मागून घेतली ती तुम्ही शिकाल म्हणून! साधा बटाटा शिजवता येऊ नये माणसाला?"

मी चौकट, खिळा, उष्णता सांगायला सुरुवात केली. तिनं हात वर केला. पिशवीतून छोटा कुकर निघाला आणि दोन किलो बटाटे. आधी कुकरमध्ये दोन शिट्ट्या, म्हणाली, मग जाळीवर पाच मिनिटं. पंधरा-वीस मिनिटांत खेळ खलास. उखर्डू, पंचेचाळीस वर्षांच्या संसारात सुंदरबाईनं हे मला एकदाही सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. शनिवारी मगनसमोर मी स्वतःच्या हातानं करून वाढायचं, आणि कमल इथे आलीच नव्हती. बेबाबाईचं तोंड बंद ठेवायला तिनं दोन ब्लाउज शिवून द्यायचं ठरवलं आहे, माप आत्ताच घेऊन आली. तुझं ते एस.टी.चं मी तिला सांगितलं, तर म्हणाली, उखर्डूनानांना म्हणावं, बसमध्ये जरूर चढा, पण स्वयंपाकाविषयी एक अक्षर बोलू नका, सगळं बिघडेल.

आतून हाक येते आहे: "आबा, ते पेन ठेवा आणि आधी हात धुऊन या."